हायड्रोजन आणि हिऱ्यांचे कारखाने

सुरतेत हिऱ्यास पैलू पाडण्याचा धंदा जुना. आता मात्र ‘सीव्हीडी’ पद्धतीने यंत्रात हिरा वाढविला जातो. त्यासाठी मिथेनसोबत पुष्कळ हायड्रोजन लागतो, व तो बहुधा दाबाने भरलेल्या सिलिंडरांतून येतो. या वायूचा स्वभाव आपण ओळखला पाहिजे.

त्यास रंग नाही, वास नाही. हवेत शेकडा ४ ते ७५ मिसळला की तो पेट घेऊ शकतो. अंगावरील वस्त्राच्या घर्षणाची ठिणगीही त्यास पुरते. त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. हवेहून सुमारे १४ पट हलका असल्याने गळलेला वायू छताखाली साचतो. म्हणून छतास वरची वाट असावी. सोडावयाचा वायू नळीने छपरावर, खिडक्या व विजेच्या उपकरणांपासून दूर सोडावा.

सिलिंडर उघड्या गाडीत उभे बांधून, झडपेवर टोपी चढवून आणावेत. प्राणवायूचे सिलिंडर सोबत नसावेत. झडप सावकाश उघडावी. आग लागल्यास सुरक्षितपणे शक्य असेल तरच वायू बंद करावा. तो बंद होत नसेल तर ज्योत विझवू नये, कारण साचलेल्या वायूचा स्फोट अधिक भयंकर. माणसे दूर न्यावीत आणि अग्निशामक दलास बोलवावे.

ठरावीक मर्यादेपलीकडील साठ्यास २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांन्वये परवाना लागतो. परंतु यंत्रापाशी उभा असलेला कारागीर मालकाच्या दक्षतेवरच विसंबून असतो, याचे स्मरण सभासद बंधूंनी ठेवावे, अशी आमची विनंती आहे.