हाड वर आलं नाही, हात खाली गेलाय

खांदा कॉलनीतून खांदेश्वर स्टेशनकडे निघालेला दुचाकीस्वार पावसात घसरतो आणि थेट खांद्यावर आदळतो. उठून शर्ट सरकवून बघतो, तर खांद्याच्या टोकाशी टेंगूळ. घरचे म्हणतात, ‘हाड वर आलंय.’ दिसतंही तसंच. घडलेलं असतं मात्र नेमकं उलटं.

गळ्याखालच्या खळगीत बोट ठेवा. तिथून हासळीवरून, म्हणजे कॉलरबोनवरून, बाहेर सरकत जा. हाड आधी पुढे फुगतं, मग मागे वळतं आणि खांद्याच्या टोकाच्या जरा अलीकडे बोटाला बारीकशी पायरी लागते. हाच तो सांधा. हासळी आणि पाठीचा फरा इथे भेटतात. डॉक्टर त्याला एसी जॉइंट म्हणतात.

आपला अख्खा हात धडाशी हाडाने जोडलाय तो फक्त या हासळीमुळे. आईच्या पोटात सर्वांत आधी, सहाव्या आठवड्याच्या सुमारास, हाड धरायला लागते ती हासळी. आणि छातीकडचं तिचं टोक पुरतं जुळायला पंचविशी उजाडते!

बैलाला हासळी नसतेच. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला हळद-तूप लावून ज्याचा खांदा चोळतात, त्या बैलाचे पुढचे पाय धडाला निव्वळ स्नायूंनी बांधलेले असतात. ते पुढेमागे दमदार चालतात, पण आपल्या हातासारखे बाजूला वर उचलता येत नाहीत. माणसाची हासळी हाताला धडापासून लांब तोलून धरते, म्हणून आपल्याला फांदीला लोंबकळता येतं, चेंडू फेकता येतो.

हा हात काही हलका नसतो. ६० किलोच्या माणसाचा एक हात साधारण ३ किलोंचा. फऱ्याला आणि हाताला हासळीशी टांगून धरतात ती लिगामेंट्स: काही सांध्यावरून आडवी जाणारी, आणि हासळीला खालून धरणारी दोन भक्कम उभी. ही उभी तुटली की हात स्वतःच्याच वजनाने ओघळतो आणि फराही त्याच्यासोबत खाली जातो. हासळी जवळजवळ जागच्या जागी असते. शेजारचं खाली गेल्यामुळे ती वर आलेली भासते.

म्हणून उपचारातलं पहिलं काम हाताला वर उचलून आधार देण्याचं. सुश्रुतसंहितेत निखळलेल्या खांद्यासाठी काख मुसळाने वर उचलून मग स्वस्तिकबंध बांधायला सांगितलंय. घरी कुणी हे करू नये. पण उचलून बांधण्याची ती समज मला थक्क करते. आज हाताचा भार गळ्यातली झोळी घेते.

रॉकवूडच्या वर्गवारीत या दुखापतीचे ६ प्रकार आहेत. पहिल्या दोहोंत थोडे दिवस झोळी, बर्फ, वेदनाशामक गोळ्या आणि मग हळूहळू व्यायाम एवढं बहुधा पुरतं. चौथ्यापासून पुढे सहसा शस्त्रक्रिया लागते. वाद आहे तो तिसऱ्याबद्दल. सांधा पुरता सुटलेल्या रुग्णांवरच्या कॅनडातल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया करून हुक प्लेट नावाची पट्टी बसवलेल्यांपेक्षा शस्त्रक्रिया न केलेल्यांचा हात पहिल्या तीन महिन्यांत जास्त चांगला चालत होता, आणि दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच होते. टेंगूळ राहतं, हात मात्र कामाला लागतो. निसर्गाची ही तडजोड मला फार मोठी वाटते.

मार्च २०२१ मध्ये पुण्याजवळ गहुंज्याला क्षेत्ररक्षण करताना क्रिकेटपटू श्रेयस अय्यरचा खांदा सरकला, तो मात्र खालचा, गोळा आणि वाटीचा मोठा सांधा. दोन्हींना आपण ‘खांदा निखळला’ म्हणतो, उपचार वेगवेगळे. म्हणून एक्स-रे काढण्याआधी कुणालाही हात ओढू देऊ नका. आणि हाताला मुंग्या आल्या, बधिरपणा आला, किंवा हासळीचं गळ्याकडचं टोक आत दबून श्वास घेणं, गिळणं जड झालं, तर सकाळची वाट बघू नका. तडक मोठं इस्पितळ गाठा.