तंजावरच्या भिंतीवर मराठी!

समजा तुम्ही तमिळनाडूत एका देवळात उभे आहात. आजूबाजूला सगळे तमिळ बोलताहेत, आणि समोरच्या भिंतीवर चक्क मराठी लेख! असं कसं बरं?

हे गाव तंजावर. इथलं बृहदीश्वराचं देऊळ चोळ राजा राजराजानं बांधलं. ते १०१० साली पुरं झालं. ग्रॅनाइटचं शिखर साठ मीटर उंच, म्हणजे जवळजवळ वीस मजली इमारत! पण जायचं सकाळी. दुपारी फरशी तापते आणि अनवाणी पाय भाजतात.

१६७५च्या सुमारास शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी इथे राज्य स्थापलं. त्यांच्याच वंशातल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास या भिंतीवर कोरून घेतला.

मग राजवाडा बघा. तिथलं सरस्वती महाल ग्रंथालय चुकवू नका हं! सरफोजीराजांनी इथे हजारो हस्तलिखितं आणि परदेशी पुस्तकं जमवली. १८५५ साली इंग्रजांनी राज्य खालसा केलं, पण हा ठेवा टिकला. त्यात मोडी लिपीतले मराठी कागदही पुष्कळ आहेत. ते वाचू शकणारी माणसं मात्र थोडी!

आमच्या मढचा किल्ला मराठ्यांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून जिंकला. त्या काळचे कागदही मोडीतच लिहीत. मोडी कुणी शिकलंच नाही, तर हे सगळं वाचणार कोण?

घरातल्या जुन्या कागदांत पणजोबांची मोडी सही आहे का, आजीला विचारा. आणि या सुट्टीत मोडीची मुळाक्षरं गिरवायला घ्या. घ्याल ना?