पंचावन्न वर्षांचा वर्तमानकाळ

शाळेत मेंदूची आकृती आपण सगळ्यांनीच काढली आहे. वर सुरकुत्यांचा मोठा मेंदू, मागे खाली लहान मेंदू आणि मज्जारज्जूला जाऊन मिळणारा देठ. मोठा विचार करतो, लहान तोल सांभाळतो, देठातून श्वास आणि हृदयाचे ठोके चालतात. परीक्षेपुरतं एवढं पुरे. पण आठवणी कुठे तयार होतात, हे त्या आकृतीत नसतं. १९५० पर्यंत ते शास्त्रज्ञांनाही सापडलं नव्हतं. कार्ल लॅश्ली यांनी कितीतरी वर्षं उंदरांच्या मेंदूचे वेगवेगळे भाग कापून पाहिले आणि आठवणीला ठरावीक अशी जागा दिसत नाही, असं म्हणून हात टेकले.

जागा सापडली ती माणसात, आणि तिची किंमत त्या माणसाने मोजली. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या हेन्री मोलेसनला लहानपणापासून फिट्स येत. औषधांचे मोठमोठे डोस घेऊनही नोकरी करणं अशक्य झालं. १९५३ मध्ये, तो २७ वर्षांचा असताना, विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या वर कवटीला भोकं पाडली, पुढचा ललाटखंड किंचित उचलला आणि कानशिलामागच्या शंखखंडाचा आतला भाग नळीने शोषून काढला. फिट्स नेमक्या कुठून उठतात हे तपासणीत कळलं नव्हतं, म्हणून दोन्ही बाजूंनी. हिप्पोकॅम्पसचा पुढचा भाग, त्याच्या पुढ्यातला अमिग्डाला आणि भोवतीचं आवरण, सगळं गेलं. स्कोव्हिलने पुढे हा प्रयोगच असल्याचं उघड लिहिलं आणि दुसऱ्यांना सावधही केलं. तो प्रामाणिकपणा खरा. पण दुसरी बाजू तरी शाबूत ठेवायला हवी होती, असं आज वाचताना वाटतंच.

फिट्स कमी झाल्या. बुद्ध्यंक सरासरीपेक्षा वरच राहिला. बोलणं सभ्य, स्वभाव गोड, बालपण लख्ख आठवणारं. फक्त नवं काही टिकेना. डॉक्टर खोलीबाहेर जाऊन परत आले की नव्याने ओळख.

माँट्रियलहून ब्रेंडा मिल्नर त्याला तपासायला येऊ लागल्या. त्यांनी ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला. हेन्रीने तो मनातल्या मनात घोकून, अंकांच्या बेरजा-वजाबाक्या जुळवून पाव तास धरून ठेवला. लक्ष दुसरीकडे गेलं आणि आकडा तर गेलाच, आकडा सांगितला होता हेही गेलं. यावरून एवढं स्पष्ट झालं की क्षणापुरतं धरून ठेवणं ही हिप्पोकॅम्पसची कामगिरी नाही आणि खूप जुन्या आठवणींचं कोठारही तिथे नाही. कचेरीतल्या आवक-जावक कारकुनासारखं त्याचं काम: टेबलावरचा कागद समोर आहे, जुन्या फायली कपाटात आहेत, पण नव्या कागदाची नोंद करून तो कपाटाकडे पाठवणाराच नाही.

मग आरशाची चाचणी झाली. हात दिसू नये अशी सोय करून, आरशात पाहत चांदणीच्या दुहेरी रेघांमधून पेन्सिल फिरवायची. पहिल्या दिवशी कुणाचीही तारांबळच उडते. तीन दिवसांत हेन्रीचा हात सफाईने फिरू लागला आणि आपण हे आधी कधी केलंय हे मात्र त्याला दरवेळी ठाऊक नसे. हाताला आलं, पण ते शिकल्याची आठवण राहिली नाही. म्हणजे सवयीच्या शिक्षणाची वाटच निराळी. ती मोठ्या मेंदूच्या पोटातल्या बेसल गँग्लिया आणि लहान मेंदू यांच्यातून जाते, असं आता मानतात. या ‘लहान’ शब्दाने आपली चांगलीच फसगत होते. मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्जांच्या आसपास तिथेच दाटीवाटीने असतात.

एकदा हेन्री जेवून उठल्यावर मिनिटभराने त्याच्यापुढे दुसरं ताट ठेवलं. तेही तो जेवला. जेवल्याची आठवण नाही हे एक कारण. पण पोट भरल्याची जाणीवही त्याला नीट होत नसावी, असं संशोधकांचं म्हणणं पडलं. त्यात अमिग्डाला गेल्याचा हात असावा, अशी त्यांची अटकळ.

२००८ मध्ये ८२व्या वर्षी तो वारला, तोवर जगाला तो ‘एच. एम.’ एवढाच माहीत होता. वर्षभराने सॅन डिएगोत त्याच्या गोठवलेल्या मेंदूचे २,४०१ पातळ काप काढले गेले. हिप्पोकॅम्पसचा मागचा बराचसा भाग प्रत्यक्षात शिल्लक होता. मात्र मेंदूच्या आवरणातून माहिती ज्या वाटेने तिथे पोचते, तो शेजारचा एन्टोऱ्हायनल पट्टा जवळजवळ पूर्ण काढला गेला होता.

फिट्ससाठी शंखखंडावरची शस्त्रक्रिया आजही होते, आपल्या देशातही, आणि योग्य रुग्णाला तिचा मोठा उपयोग होतो. फरक एवढाच की ती एकाच बाजूला करतात आणि दुसरी बाजू स्मरणाचा भार पेलेल का, हे चाकू लावण्याआधी तपासून पाहतात.