शेजार बदलला की अम्ल बदलते!

आम्लता म्हटली की गृहिणींना चिंच आठवते आणि त्यांच्या यजमानांना आपले पोट! मी पडलो रसायनशास्त्राचा मास्तर. मला आठवते ती गजकर्णावरच्या व्हिटफिल्डच्या मलमाची डबी. त्या डबीत बेंझोइक आणि सॅलिसिलिक अशी दोन अम्ले एकत्र नांदतात. दोघांचा सांगाडा एकच: सहा कार्बनांचे कडे आणि त्याला जोडलेला अम्लगट. सॅलिसिलिकपाशी ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी तेवढी जास्त. पण एवढ्यावरून ते सुमारे सतरा पटींनी तीव्र!

अम्लाचा धर्म हायड्रोजन सोडण्याचा. तो धनभार घेऊन गेला की मागे ऋणभार उरतो. हा भार सावरणारा कोणी जवळ असला, तर हायड्रोजन सहज सुटतो. सॅलिसिलिकमधली ती जोडी अम्लगटाच्या भिंतीला भिंत लावून राहते आणि आपला हायड्रोजन पुढे करून शेजाऱ्याचा ऋणभार सावरते. तीच जोडी कड्याच्या समोरच्या टोकाला बसवा. तिथून हात तर पोचत नाहीच, उलट ती कड्यात इलेक्ट्रॉन लोटते, आणि अम्ल बेंझोइकपेक्षाही मवाळ होते. माणूस तेच, बिऱ्हाड बदलले! चाळीत राहिलेल्या वाचकांना अधिक सांगायला नको.

कोलंबिया विद्यापीठातल्या लुई हॅमेट यांनी 1937 साली बेंझोइक अम्लाचे माप लावून अशा गटांना आकडे दिले. गंमत अशी, की अगदी लगतचा शेजारी त्यांनी हिशेबातून वगळला. त्याची लुडबूड आकड्यांत मावत नाही!

नायट्रोगट तर इलेक्ट्रॉन ओढण्यात पटाईत. कार्बोलिक अम्ल इतके दुबळे, की खायच्या सोड्यातून बुडबुडेही काढत नाही. त्यावर तीन नायट्रोगट चढवले की होते पिक्रिक अम्ल, अब्जाहून अधिक पटींनी तीव्र आणि वर स्फोटक. ते धातूलाही खाते, आणि त्यातून होणारे क्षार आणखी भडक. 6 डिसेंबर 1917 रोजी कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात ज्या जहाजाच्या स्फोटाने दीड हजारांवर माणसे गेली, त्यात मुख्यतः हाच माल होता.

सॅलिसिलिक संधिवातावर गुणकारी, पण पोट ढवळून काढी. 1897 साली जर्मनीत बायरच्या प्रयोगशाळेत त्या शेजारी जोडीच्या हायड्रोजनजागी अ‍ॅसिटिल गट बसवला. तीव्रता उतरली, ती अ‍ॅस्पिरिन. तरी जठराच्या अस्तराला ती अजून बोचतेच. आणि फ्लू वा कांजिण्यांच्या तापात मुलांना दिली, तर क्वचित जिवावर बेतते. आमच्या घरी ती कपाटाच्या वरच्या फळीवर असते.