राखेच्या गावात गाडीची कांती

परळी वैजनाथमध्ये सकाळी गाडीच्या बोनेटवर बोट फिरवलं की बोटाला करडी पूड लागते. ज्योतिर्लिंगाच्या या गावात 1971 पासून औष्णिक वीज केंद्र आहे आणि कोळसा जळून उरणारी राखही तेव्हापासूनच आहे. ती हायवा आणि ट्रकमधून वीटभट्ट्यांकडे, सिमेंट कारखान्यांकडे जाते आणि वाटेत उडत राहते. त्यात बीड जिल्ह्याची धूळ वर्षभर मिसळते. उन्हाळ्यात मोकळ्या काळ्या रानाची माती, ऑक्टोबरात सोयाबीनच्या मळणीचं भुसकट, पुढे ऊस तुटला की पेटवलेल्या पाचटाची काजळी. गाडी घेणाऱ्याला इथे पहिली काळजी मायलेजची असते आणि दुसरी रंगाची.

या रंगाला सगळ्यात जास्त इजा राखेने होत नाही, ती पुसण्याच्या पद्धतीने होते. दारात उभ्या गाडीवर रोज सकाळी कोरडं फडकं मारायची आपल्याकडे सवय आहे. गाडी स्वच्छ दिसते, पण फडक्याखाली काय घासलं जातं ते पाहायला हवं. कोळशाच्या राखेत मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना असतात. बरेचसे कण काचेच्या सूक्ष्म गोळ्यांच्या रूपात, काही क्वार्ट्झच्या. मोह्सच्या कठीणपणाच्या मापावर क्वार्ट्झ 7 वर आहे, खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. आणि गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर, ज्याला पेंटर ‘क्लिअर’ म्हणतात, तो साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. त्यावर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे बारीक पॉलिश पेपर मारणंच. वर्ष-दोन वर्षांत गडद रंगाची गाडी उन्हात उभी केली की बोनेटभर गोल गोल रेघा दिसतात, त्या याच.

परळीतल्या माझ्या भाच्याने त्याच्या गर्द निळ्या हॅचबॅकला घरीच सिरॅमिक कोटिंग, म्हणजे क्लिअरवर सिलिकाचा कडक पारदर्शक थर, करायचं ठरवलं, तेव्हा मी मुद्दाम सोबत राहिलो. मोठ्या शहरांत या कामाचे पंधरा-वीस हजार आणि त्याहून जास्तही घेतात. घरी करायचं तर तीस मिलिलिटरची एक छोटी बाटली, क्ले, पॉलिश आणि मायक्रोफायबरची फडकी एवढ्यावर भागतं. बाकीची किंमत मेहनतीत आणि वेळेत चुकवायची.

मुहूर्त त्याने विचार करून निवडला होता. मळणी यंत्रं थांबलेली, ऊन अजून चढलेलं नाही, असे संक्रांतीच्या आसपासचे दिवस. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि उन्हातला पत्रा त्याहून कितीतरी तापतो. अशा पत्र्यावर कोटिंग पसरायच्या आतच आवळतं आणि डाग पडतात. पत्रा हाताला गार लागला पाहिजे, ही पहिली अट. दुसरी अट आडोशाची. त्याच्या मित्राचं शटरचं गोदाम रिकामं होतं. आदल्या संध्याकाळी ते झाडून काढलं, कामाआधी जमिनीवर पाण्याचा हलका सडा टाकला. धूळ बसली, मगच गाडी आत घेतली.

धुण्यापासून खरं काम सुरू होतं आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो. गाडीला हात लावण्याआधी शेतात वापरतात तशा फवारणी पंपाने शाम्पूचं पाणी सगळीकडे मारलं. हा पंप नवा होता, तणनाशकाचा कधीच नव्हता, हे सांगायलाच हवं. राख भिजून ओघळू लागली, तिला पाण्यानेच खाली जाऊ दिलं. मग दोन बादल्या: एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. हातमोजा शाम्पूत बुडवायचा, छपरापासून खाली पुसत यायचं, प्रत्येक भागानंतर साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा. दुसऱ्या बादलीच्या तळाशी करडा गाळ साचत गेला. एकच बादली असती तर तोच गाळ पुन्हा गाडीवर फिरला असता.

आपल्या बोअरच्या पाण्याचा प्रश्न वेगळाच. बेसॉल्टच्या खडकातून येणारं हे पाणी जड असतं. अंघोळीच्या बादलीला, नळाच्या तोटीला जो पांढरा थर चढतो, तोच गाडीवर पाणी वाळलं की ठिपक्यांच्या रूपात राहतो. भाच्याने शेवटचा हात आरओच्या जारच्या पाण्याने दिला आणि गाडी वाळू न देता लगेच टिपून घेतली.

यानंतर लोखंडाचा चुरा काढणारं रसायन फवारलं. ब्रेक घासून उडणारे लोखंडाचे कण रंगात रुतून बसतात, साबणाने जात नाहीत. फवारल्यावर दोन-तीन मिनिटांत मागच्या दारांच्या खालच्या अंगावर आणि चाकांवर जांभळे ओघळ उतरू लागले. गंधकाचा उग्र वास सुटला. शटर अर्धं उघडं ठेवलं होतं ते त्यासाठीच. रसायन वाळण्याआधी धुऊन टाकायचं असतं.

मग क्ले. कणकेसारखी मऊ दिसणारी ही वडी शाम्पूच्या पाण्यावरून पत्र्यावर हलक्या हाताने फिरवायची. सुरुवातीला ती खरखरत अडकते, आवाज येतो. चार-सहा फेऱ्यांनंतर आवाज थांबतो आणि वडी सरकू लागते. “मामा, पिशवीत हात घालून बघा,” भाचा म्हणाला. प्लास्टिकची पातळ पिशवी हातावर चढवून मी एक हात क्ले फिरवलेल्या भागावर फिरवला, एक शेजारच्या भागावर. नुसत्या बोटांना दोन्ही सारखेच वाटत होते. पिशवीतून शेजारच्या भागाची खरखर स्पष्ट कळली. ही परीक्षा कुणीही आपल्या दारातल्या गाडीवर करून पाहावी.

पॉलिशचा टप्पा सगळ्यांत जोखमीचा. कोटिंग पारदर्शक असतं. त्याखाली रेघ असेल तर ती रेघ जशीच्या तशी राहते, उलट चमक वाढल्याने जास्त उठून दिसते. म्हणून रेघा आधी काढायच्या, म्हणजे क्लिअरचा अगदी थोडा भाग घासून सपाट करायचा. डेंटर-पेंटरकडचं जोरात फिरणारं बफिंग मशीन नवख्या हातात नको, ते एका जागी थांबलं तर रंग जळतो. घरच्या कामाला डुगडुगत फिरणारं ड्युअल ॲक्शन मशीन बरं. बोनेटच्या आणि दारांच्या कडांवर रंग पातळ असतो, तिथे आधी मास्किंग टेप लावली. काळ्या रबरांवर आणि प्लास्टिकवरही लावली, कारण पॉलिशचे पांढरे डाग त्यांवरून निघता निघत नाहीत. खोल ओरखडे भाच्याने सोडून दिले. नखाला लागणारा ओरखडा बहुधा क्लिअरच्याही खाली गेलेला असतो, तो घासून काढायला गेलं तर रंगच संपेल.

पॉलिशमध्ये तेल असतं. ते राहिलं तर कोटिंग पत्र्याला धरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल शुद्ध पाण्यात मिसळून सगळी गाडी पुन्हा पुसून काढली. त्यानंतर पत्र्याला उघडा हात लावायचा नाही, बोटांचंही तेल लागतं.

इतकं झाल्यावर ती छोटी बाटली उघडली. आत पॉलिसिलाझेन किंवा सिलोक्सेन वर्गातली रसायनं असतात. द्रावक उडून गेलं की उरलेला भाग हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावतो आणि क्लिअरवर सिलिकाचा कडक थर धरतो. म्हणूनच एकदा उघडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवता येत नाही, आतल्या आत तिचे खडे होतात.

हातमोजे, तोंडाला मास्क. स्पंजच्या ठोकळ्याला स्वेडचं छोटं कापड गुंडाळलं, त्यावर आठ-दहा थेंब टाकले. बोनेटचा जेमतेम दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन घेतला. आधी आडवे हात, मग त्यावर उभे, एकही जागा सुटणार नाही असे. आता मी बॅटरीचा उजेड तिरका धरून पाहत होतो. ओलसर पट्टा आधी नुसता चकाकत होता. काही सेकंदांनी त्यावर जांभळी-हिरवी इंद्रधनुषी झाक चढली आणि बारीक बारीक ठिपके जमू लागले. पुसायची वेळ हीच. आधी पुसलं तर थर नीट धरत नाही, उशीर केला तर कडक होऊन बसतो. थंडीत हा अवधी मिनिट-दोन मिनिटांचा मिळतो, उन्हाळ्यात अर्ध्या मिनिटावर येतो. बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा पत्र्यावरची झाक पाहून हात चालवावा लागतो. पहिल्या फडक्याने जादाचं टिपलं, दुसऱ्या कोरड्या फडक्याने हलका शेवटचा हात. लगेच पुढचा चौकोन, आधीच्यावर दोन बोटं चढवून.

“मामा, लाइट जरा खाली धरा.” दाराच्या मुठीजवळ एक काळपट ढगासारखा डाग राहिला होता. तिथे जास्तीचं कोटिंग साचलं होतं. ताजं असताना त्यावर पुन्हा थोडं कोटिंग लावलं की ते सैल होऊन पुसलं जातं. दुसऱ्या दिवशी सापडलं असतं तर पॉलिश करून काढावं लागलं असतं. त्यामुळे प्रत्येक पत्रा दोन बाजूंनी उजेड टाकून पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा त्याचा नेम होता. वापरलेली फडकी मात्र परत धुऊन घ्यायची नाहीत. त्यांच्यातलं कोटिंग वाळून काचेसारखं टोचरं होतं, ती सरळ टाकायची.

गाडी रात्रभर आणि दुसरा दिवसभर गोदामातच राहिली. पहिले चोवीस तास पाण्याचा थेंब नको, आठवडाभर शाम्पू नको. आपली थंडीतली हवा कोरडी, थर पक्का व्हायला ओलावा कमी मिळतो, म्हणून घाई न करणं बरं. नंतर पहिल्यांदा पाणी मारलं तेव्हा ते अळवाच्या पानावर असावं तसं गोळा होऊन घरंगळलं आणि जाताना राखही घेऊन गेलं.

विकणारे काय सांगतात आणि खरं काय, हेही नीट समजून घ्यायला हवं. बाटलीवरचं ‘9एच’ हे मोह्सच्या मापावरचं नाही, ते पेन्सिलच्या शिशाच्या कठीणपणाचं माप आहे: सगळ्यांत कडक पेन्सिलनेही ओरखडा उठला नाही, इतकाच त्याचा अर्थ. राखेतलं क्वार्ट्झ त्याहून खूप कठीण आहे, त्यामुळे कोरडं फडकं मारलं तर कोटिंगवरही रेघा पडतीलच. गिट्टीचा दगड उडून लागला तर रंग निघेलच. जड पाणी वाळलं तर ठिपकेही पडतील. मायक्रॉनभर जाडीच्या थराकडून यापेक्षा जास्त मागू नये. तो ऊन, पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक यांना काही काळ थोपवतो आणि घाण रंगाला चिकटू देत नाही. एवढं मात्र तो चोख करतो.

आणि एवढंच बीड जिल्ह्यासाठी पुरेसं मोलाचं आहे, असं माझं ठाम मत झालं. 2013 साली गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात पाणी उरलं नाही म्हणून परळीचे वीजसंच बंद ठेवावे लागले होते. 2016 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा मुलखात वॉशिंग सेंटरवर एका गाडीमागे शंभर-दीडशे लिटर पाणी सहज वाहून जातं, तेही उपसलेलं. कोटिंग केलेल्या गाडीला फवारणी पंपातलं थोडं पाणी आणि त्याच दोन बादल्या पुरतात, कारण घाण सुटायला जोर लागत नाही. चमक दोन-तीन वर्षांत ओसरते. पाणी मात्र तोवर प्रत्येक धुण्याला वाचतं.

कोटिंग करावं की नाही हे ज्याने त्याने खिसा आणि सवड पाहून ठरवावं. घरी करायचं असेल तर बाटलीपेक्षा तिच्या आधीच्या धुण्याला, क्लेला, पॉलिशला जास्त वेळ द्या, घाई असेल तर हात घालूच नका. कोटिंग करणार नसाल तरी एक गोष्ट आजपासून करा, तिला एक पैसाही लागत नाही: धुळीने भरलेल्या गाडीवर कोरडं फडकं मारणं बंद करा. आधी पाण्याने भिजवा, राख वाहू द्या, मगच पुसा.