'चिलेटेड' म्हणजे काय?

सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या पाकिटावर 'चिलेटेड' हा शब्द छापलेला असतो आणि त्यासाठी साध्या सल्फेटपेक्षा बरीच जादा किंमत मोजावी लागते. म्हणून या शब्दाचा अर्थ नीट समजून घेणे हिताचे आहे.

'चिलेट' हा शब्द खेकड्याची नांगी या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला आहे. प्राणिशास्त्रात चिमट्यासारखे टोक असलेल्या अवयवाला चिलेट म्हणतात. मॉर्गन आणि ड्रू या शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये हा शब्द रसायनशास्त्रात आणला. खेकडा भक्ष्य पकडतो तसा धातूचा कण धरून ठेवणारा पदार्थ, असा त्याचा अर्थ. वैद्यकशास्त्रात शरीरात भिनलेले शिसे बाहेर काढण्यासाठीही अशीच औषधे वापरतात.

चुनखडीयुक्त जमिनीत दिलेले लोह व जस्त लवकर अविद्राव्य होते. जमिनीत असूनही ते मुळांना मिळत नाही आणि उसावर केवडा पडतो. चिलेट ही अन्नद्रव्ये विद्राव्य ठेवतो.

मात्र प्रत्येक नांगीची पकड सारखी नसते. ईडीटीएयुक्त लोह सामू साधारण ६.५ च्या पुढे गेल्यावर जमिनीत टिकत नाही. डीटीपीएयुक्त लोह सुमारे ७.५ पर्यंत टिकते, तर ईडीडीएचएयुक्त लोह ९ पर्यंत टिकते. त्यामुळे चुनखडीच्या जमिनीत ईडीटीए लोह मातीत टाकण्याऐवजी फवारणीतून द्यावे.

चिलेट म्हणजे जास्त अन्नद्रव्य, असेही समजू नये. झिंक सल्फेटमध्ये (हेप्टाहायड्रेट) २१ टक्के जस्त असते, तर झिंक ईडीटीएमध्ये १२ टक्के.

खरेदीपूर्वी माती परीक्षण अवश्य करावे. अहवालातील 'डीटीपीए' हाही एक चिलेटच आहे. त्याच्या साहाय्याने मातीतील उपलब्ध अन्नद्रव्य मोजतात. जस्त ०.६ आणि लोह ४.५ मिलिग्रॅम प्रति किलोपेक्षा कमी असल्यास कमतरता समजावी.

चांगल्या कुजलेल्या शेणखतातील सेंद्रिय आम्लेही नैसर्गिक चिलेटचे काम करतात. म्हणून झिंक सल्फेट किंवा फेरस सल्फेट दहापट शेणखतात मिसळून, ओलावा ठेवून, पाच-सहा दिवस सावलीत मुरवावे व मगच जमिनीत द्यावे.

थोडक्यात, पाकीट घेताना केवळ 'चिलेटेड' या शब्दावर जाऊ नका. चिलेट कोणता, अन्नद्रव्य किती टक्के आणि आपल्या जमिनीचा सामू किती, या तीन गोष्टी पाहूनच पैसे खर्च करा.