आईची वही आणि गावचे पाणी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने पाण्याच्या तपासणीवर लेख लिहावा, हे आमच्या विज्ञान शाखेच्या मित्रांना आगाऊपणाचे वाटेल. परंतु हा विषय मी प्रयोगशाळेत शिकलेलो नाही. तो घरात, तांदळाच्या डब्याशेजारी ठेवलेल्या एका छोट्या बाटलीपाशी शिकलो, आणि शिकविणारी माझी चौथी पास आई होती.

आमचे गाव पंचगंगेच्या काठी, कोल्हापूरच्या खालच्या अंगाला आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचे पाणी घेऊन पंचगंगा पुढे नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. एवढ्या मोठ्या पाणलोट क्षेत्रात पडणारा पाऊस नदीत येतो, आणि त्याबरोबर शेतातले खत, गावोगावची गटारे व शहराचे सांडपाणीही येते. पावसाळा सरला की बंधाऱ्यांना बरगे घालतात आणि पाणी तुंबते. तुंबलेल्या पाण्यातील घाण कुजताना जंतू पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात. तो फार घटला की मासे तरंगू लागतात. मेलेला मासा सर्वांना दिसतो. माणसाला आजारी पाडणारे पाणी मात्र पुष्कळदा अगदी निवळ असते. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, हजारो लोक आजारी पडले आणि काही दगावले, ते पिण्याच्या दूषित पाण्यामुळेच.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीला कावीळ झाली. दीड महिना तिची शाळा बुडाली. गावात जो तो म्हणे, "वरनं शहराची घाण येतीया, आपण काय करणार?" मीही तेच म्हणत होतो.

२०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण द्यावयाचे, अशी योजना आहे. आमच्या गावच्या पाचजणींत आईचे नाव आले. "मला काय कळतंय त्यातलं," असे म्हणून तिने आधी टाळले. मग बहिणीकडे पाहून ती गेली.

तिला मिळालेल्या बाटलीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ही पद्धत ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतील मांजा, मौर्य व राव या शास्त्रज्ञांनी १९८२ साली प्रसिद्ध केली. बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरून ती उबेला ठेवायची. पाण्यात विष्ठेतून आलेले जंतू असले, तर ते हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, त्याचा पट्टीतील लोहाशी संयोग होतो आणि एक-दोन दिवसांत पाणी काळे पडते. वाचता न येणाऱ्यालाही हा निकाल कळतो. मातीतले काही जंतूही असाच वायू सोडतात, म्हणून काळ्या बाटलीनंतर नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. तेथे ई. कोलाय या आतड्यातील जंतूचा शोध घेतात. पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात तो एकही असता कामा नये, असे भारतीय मानक आहे.

दुसरी तपासणी क्लोरीनची. औषधाचे थेंब टाकले की पाणी पिवळे होते. नळाच्या टोकालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे.

आईने एक साधी गोष्ट केली, आणि माझ्या मते खरे शास्त्र तेच. दर पंधरवड्याला त्याच चार ठिकाणचे पाणी घ्यायचे आणि तारीख घालून वहीत लिहायचे. एकदा घेतलेल्या नमुन्यावरून फारसे कळत नाही. तीन महिन्यांनी वही पाहिली, तेव्हा मी चमकलो. टाकीचे पाणी प्रत्येक वेळी पिवळे झाले होते आणि त्याची बाटली कधी काळी पडली नव्हती. शाळेजवळच्या नळाला मात्र क्लोरीन नाही आणि बाटली काळी! म्हणजे नदीची घाण टाकीपर्यंत निस्तरली जात होती. बिघाड टाकी व शाळा यांच्या मध्ये, आमच्याच गल्लीत होता. तेथे पाइप गटारातून गेला आहे. पाणी दिवसातून तासभरच सुटते. ते बंद झाले की पाइपातला दाब उतरतो आणि फटीतून गटारातले पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी तेच आधी नळाला येते.

शहराचा दोष यामुळे नाहीसा होत नाही. पण आमचे गटारही शेवटी नदीलाच जाते आणि खालचे गाव आमच्याविषयी काय म्हणत असेल, याचा विचार मी कधी केला नव्हता.

वही पाहून पंचायतीचे एक सदस्य घरी आले. "वहिनी, हे कशाला लिहून ठेवताय? उद्या टीसीएल जादा टाकतो की."

आई म्हणाली, "भावजी, टाका की. पर काळं झालंय ते मी पांढरं कसं लिवू?"

चहा घेऊन ते गेले. त्यानंतर दोन महिने काहीच हालले नाही, उलट आईला "मोठी डॉक्टरीण" म्हणून टोमणे ऐकावे लागले. तिने काळ्या बाटल्या ग्रामसभेत नेऊन टेबलावर मांडल्या. कुणी भाषण केले नाही. शाळेत मुले असलेल्या बायका उठून बाटल्या पाहून गेल्या, एवढेच. मार्चमध्ये गटारातला पाइप वर उचलून बदलला, तोही अर्धाच, कारण निधी संपला असे सांगण्यात आले.

परवा शाळेजवळच्या नळाची बाटली पुन्हा भरली आहे. हा लेख लिहीत असताना ती तांदळाच्या डब्याशेजारी आहे, आणि बहीण दर तासाला फडके उचलून पाहते.

(द्वितीय वर्ष कला)